आरशावरची वाफ

१२ नोव्हेंबर

मास्तरीणबाई,

माझा नंबर अडवलास. ठीक. आता पोस्टमनला अडवून दाखव.

रागानं सुरुवात करायची नाही असं ठरवून बसलो होतो, आणि पहिल्याच ओळीत ठरलेलं मोडलं. पण कागद बदलत नाही. शहाण्यासारखं लिहिलं तर तुला वाटेल, पत्ता चुकून दुसऱ्याच कुणाचं पत्र आलं.

बातमी अशी की मला नोकरी लागली. तीही वाचा-उपचाराच्या दवाखान्यात! हस. तिसऱ्या वर्षातून उठून गेलेल्याला कोण ठेवतं? इथल्या मॅडमनी ठेवलं. त्यांनी विचारलं, "कॉलेज का सोडलंस?" म्हटलं, "सरांशी भांडलो." "कशावरून?" मग सगळं सांगितलं. घड्याळसरांनी तपासणीला आणलेल्या त्या लहान मुलाला वर्गापुढे उभं केलं, त्याचा चुकीचा शब्द त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतला, लिहून घेता घेता आपली पोरं हसली, आणि मी उठून हातातला तपासणीचा आरसा भिंतीवर फोडला आणि निघालो. मॅडम सगळं ऐकून म्हणाल्या, "इथला आरसा महाग आहे. सोमवारपासून ये."

तू त्या दिवशी जागेवरून हलली नाहीस, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. मी दारापर्यंत गेलो, मागे वळून पाहिलं, आणि तू वहीत मान घालून बसली होतीस. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुला सांगतोय, कारण तुला माहीतच आहे.

कामाचं म्हणशील तर तपासायचं आणि ठरवायचं मॅडमनी, मुलांकडून सराव करून घ्यायचा मी. ओठ, गाल, जीभ यांची तालीम म्हण. कापसाचा गोळा फुंकून टेबलापार करणं, स्ट्रॉनं कागदाचे कपटे उचलणं, जीभ वर टाळूला चिकटवून टक्कन वाजवणं. मी वस्ताद. खुर्च्या मुलांच्या मापाच्या आहेत, बसलो की गुडघे कानाला लागतात. भिंतीवरचा आरसाही मुलांच्या उंचीवर आहे. उभा राहिलो तर त्यात मला फक्त माझं पोट दिसतं.

इथे आणखी एका माणसाची जागा रिकामी आहे. मॅडमना म्हटलं, थोडं थांबा, माझ्या ओळखीचं एक माणूस शेवटच्या वर्षाला आहे, माझ्या दसपट हुशार. त्या म्हणाल्या, "परीक्षा होईपर्यंत थांबते." बघ. आग्रह नाही.

आग्रह आहे.

अक्षर ओळखशीलच.


३० नोव्हेंबर

मास्तरीणबाई,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. (पोस्टमन रोज खालच्या चावीवाल्याकडे थांबतो. मी जिन्यात उभा असतो. चावीवाला आता स्वतःच ओरडतो, "नाही हो, आजपण विजेचं बिलच!")

माझी खोली त्याच्या दुकानावर आहे. दिवसभर कानस घासल्याचा आवाज येतो, रविवारी तोही नसतो. रविवारी मी कुणाशीच बोलत नाही. सोमवारी सकाळी पहिला शब्द तोंडातून निघतो तेव्हा आवाज बोळा करून कोंबलेल्या शर्टासारखा चुरगळलेला असतो. मग मी दवाखान्यात जाऊन मुलांना म्हणतो, "चला, मोकळा आवाज काढा."

तुला आमच्या सरकारची गोष्ट सांगायची आहे. सहा वर्षांची मुलगी. आई शाळेचे गणवेश शिवते, बाप जहाजावर स्वयंपाकी. पहिल्या दिवशी आईनं तिला आत ढकलत म्हटलं, "सर, हे आमचं सरकार. घरात हुकूम सोडते, बाहेर तोंड उघडत नाही." खरं म्हणजे तोंड सदाच उघडं असतं. ओठ वेगळे, खालचा ओला, जीभ पुढे येऊन दातांच्या फटीत टेकलेली. 'स' म्हणायला गेली की जीभ बाहेर डोकावते आणि 'थ' होतो. शाळेत पोरं तिला "थरकार" म्हणतात. तेव्हापासून शाळेत नुसती मानेनं हो-नाही.

पण मान फोनवर दिसत नाही. बंदरात जहाज लागलं की बाप फोन करतो आणि ती फोन कानाला लावून गप्प बसते. आई म्हणाली, "हे तिकडून म्हणतात, राहू दे, बोलू नकोस. तुझा श्वास ऐकू येतोय, तेवढं बस झालं."

तो श्वास मी रोज ऐकतो. तोंडानं घेतलेला, घसा घासत जाणारा, कुणी दूर पायऱ्या झाडत असल्यासारखा. आम्ही दोघं समोरासमोर बसून कपटे उचलतो, ती एक शब्द बोलत नाही, आणि खोलीत तो आवाज चालू असतो. खोटं कशाला बोलू, मला तो आवडायला लागलाय. कुणीतरी आहे असं वाटतं.

माझ्याशी ती एकच शब्द बोलते. मी काही करून दाखवलं की तसं करून विचारते, "अथं?" मी म्हणतो, "अस्सं!" जिभेनं कुठे राहायचं ते तिला शिकवलंय. वरच्या दातांच्या मागे जो उंचवटा असतो ते जिभेचं घर. मी मध्येच विचारतो, "घरात कोण आहे?" ती जीभ वर नेते आणि हात वर करते. हजर.

तू असतीस तर तिला माझ्याआधी बोलतं केलं असतंस. हे कौतुक आहे, टोमणा नाही. दोन्ही आहे.


११ डिसेंबर

मास्तरीणबाई,

मॅडम गावाला गेल्यात, त्यांच्या वडिलांना बरं नाही. दवाखाना माझ्यावर. हो, माझ्यावर! घड्याळसरांना सांग, आरसा फोडणारा माणूस किल्ल्या सांभाळतोय.

सरकारला मी बटणावर घेतलंय. मॅडमनीच सांगितलंय तसं. तुला आठवतं ना, मोठं कोटाचं बटण, त्याला दोरा, बटण ओठांच्या आत दातांसमोर ठेवायचं, ओठ गच्च मिटायचे, आपण दोरा हलकेच ओढायचा आणि ओठांनी ते सोडायचं नाही. आईनं तिच्या डब्यातून चार भोकांचं निळं बटण दिलं आणि दोऱ्याला अशी गाठ मारली की हत्ती बांधावा. म्हणाली, "माझी गाठ सुटत नाही, सर. तुमचं तुम्ही बघा."

पहिल्या दिवशी लगेच सुटलं. दुसऱ्या दिवशी थोडं टिकलं. आता ती बटण धरून चित्रातला अर्धा मासा रंगवते. ओठ मिटलेले! तू तिला पाहायला हवं होतंस. मिटल्या तोंडाची ती वेगळीच कुणीतरी दिसते, मोठी, गंभीर, खरंच सरकार असल्यासारखी. मधेच बटण काढून धापा टाकते, मग पुन्हा धरते. मी म्हणतो, "आळस नको, पूर्ण मासा!"

तिचे बाबा पुढच्या महिन्यात फोन करतील तेव्हा ती त्यांच्याशी बोलेल. मी तिच्या आईला शब्द दिलाय. आणि तू परीक्षेनंतर इथे येशील तेव्हा दारात तीच तुला विचारेल, "कोण हवंय?" स्वच्छ. पदवी नसलेल्या माणसानं केलेलं काम. मग बोलू.


१९ डिसेंबर

तुझं कार्ड आलं.

चावीवाला दुकान सोडून वर धावत आला. "आलं हो, आलं!" मी जिन्यातच वाचलं. त्यानं विचारलं, "चांगलं आहे ना?" मी म्हटलं, "कामाचं आहे."

मी इतकी पानं लिहिली. माझा जिना, माझा रविवार, माझा आवाज. तुझं कार्ड असं:

"त्या मुलीचं नाक कुणी तपासलंय का? बंद असेल तर बटण थांबव."

एवढंच. खाली नावही नाही. माझ्या नावाचा उल्लेख फक्त पत्त्यात, आणि तोही पोस्टाच्या सोयीसाठी.

बरोबर आहे. तुझं पहिल्यापासून हेच. वर्गात सगळे जीभ बघायला धावायचे आणि तू तो छोटा आरसा घेऊन पोराच्या नाकाखाली धरायचीस. "आधी नाक." वाफ धरली तर वाट मोकळी, नाही धरली तर पुढचं सगळं फुकट. आम्ही तुला नाकवाली म्हणायचो. मला तुझा तो हात आवडायचा, आरसा धरलेला, न हलणारा. आज त्याच हाताचा राग येतोय.

मी काय विचारलं होतं आणि तू काय सांगितलंस! माणूस बुडतोय आणि काठावरून कुणी विचारतंय, चपला कुठे काढल्यास? मला शिकवू नकोस. मला तुझ्या सूचनेची गरज नाही. मला तुझी—

जाऊ दे. नाक ठीक आहे तिचं. सर्दी आहे थोडी, सगळ्याच पोरांना असते.


२३ डिसेंबर

आज दवाखाना बंद होता. हवा बरी आहे. विशेष काही नाही.


२ जानेवारी

मागचं पत्र खोटं होतं. दवाखाना उघडा होता.

आणखीही एक खोटं आहे. बटण मॅडमनी सांगितलं नव्हतं. जाताना त्या म्हणाल्या होत्या, "तिला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवायचंय, मी येईपर्यंत नुसते फुंकरीचे खेळ घे." मला थांबायचं नव्हतं. तुला लिहिण्यासारखं काहीतरी हवं होतं.

तुझं कार्ड आलं त्यानंतरचा तिचा पहिला दिवस. आरसा माझ्या खिशात होता. मुद्दाम काढला नाही. हे नीट लिहितो, कारण विसरलो असतो तर गोष्ट वेगळी होती. विसरलो नव्हतो. तुझं ऐकायचं नव्हतं.

तिनं बटण धरलं. म्हटलं, आज पूर्ण मासा. ती रंगवायला लागली. मी दोरा धरून "शाब्बास, शाब्बास" करत होतो. थोड्या वेळानं लक्षात आलं की खोली फार शांत आहे. तो पायऱ्या झाडल्याचा आवाज नव्हता. आणि मला, गाढवाला, आनंद झाला! वाटलं, जमलं, नाकानं श्वास घेतेय. मी म्हटलं, "शेपटी राहिली, सोडू नकोस."

तिनं सोडलं नाही. ती श्वास घेतच नव्हती. मला खूश करायला धरून बसली होती. ओठांच्या कडा निळ्या झालेल्या मी पाहिल्या, आणि हात पुढे करेपर्यंत ती खुर्चीवरून कलली. कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर. बटण माझ्या हातातल्या दोऱ्याला लोंबत होतं.

पडताक्षणी तोंड उघडलं आणि श्वास आला, मोठा, खरखरीत. मग रक्त. मग आई आत धावली. सरकारनं डोळे उघडले, आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

"थुटलं, दादा."

माफी मागत होती गं ती माझी.

 आईनं पदर तिच्या कपाळावर दाबून धरला. मी आरसा काढला आणि सरकारच्या नाकाखाली धरला. तोंडावर हलकेच बोट ठेवलं, अगदी क्षणभर. आरसा कोरडा. दोन्ही बाजूंनी कोरडा. त्यात तिचा वरचा ओठ दिसत होता आणि माझा अंगठा, थरथरणारा. तुझा हात कधी असा हलला नव्हता.

टाके पडले. डॉक्टरांनी नाकामागे मांस वाढलंय म्हणून सांगितलं, वाट जवळजवळ बंद. काढावं लागेल. म्हणजे एवढे दिवस मी बंद दाराला कडी लावायला शिकवत होतो, आणि धापा टाकल्या तर आळशी म्हणत होतो.

मॅडम परत आल्या. मी म्हटलं, "जातो मी."

"कुठे?"

"सोडून."

"पुन्हा?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तुझं बरं आहे. काही झालं की तुला दार दिसतं. बस खाली."

त्या छोट्या खुर्चीत बसलो. समोर भिंतीवरचा आरसा, आता बरोबर तोंडासमोर.

"कुणाला दाखवायचं होतं?" त्यांनी विचारलं.

मी आरशावरून नजर काढली.

"ती शेवटच्या वर्षाची?"

मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "स्वतःकडे बघ. चिडलेला माणूस तोंडानं श्वास घेतो." पाहिलं. ओठ वेगळे, जबडा खाली, दम लागल्यासारखा मी. "उद्या त्या बाईच्या घरी जायचं. मी येणार नाही. सांगायचं आणि ती बोलेल ते ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही."

गेलो. ती मशीनवर होती. मी सांगितलं, तुझं कार्डसुद्धा सांगितलं. मशीन थांबलं नाही. बाही पूर्ण होईपर्यंत मी दारात उभा. मग ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"माझ्या पोरीनं तीन दिवस आधी सांगितलं होतं मला, दादाकडे कोंडतं म्हणून. मी म्हटलं, सर सांगतात तर धर." तिनं दोरा दातानं तोडला. "आता बटण मी पुन्हा देणार नाही. तुम्ही मागूही नका."

सरकार आत झोपली होती. श्वास दारापर्यंत ऐकू येत होता. मी तेवढ्यावर परत आलो.


१० फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

हे पत्र लिहावं की नाही याचा खूप विचार केला. पण कार्डातला प्रश्न तू विचारला होतास, त्याचं उत्तर तुला मिळायला हवं.

शस्त्रक्रिया झाली. नीट झाली. आईनं मॅडमना कळवलं, मला नाही, तेही बरोबरच. मॅडम म्हणतात, परत आली तर त्या स्वतः घेतील, मी खोलीत बसून बघायचं. हात मांडीखाली ठेवून, असं खास सांगितलंय.

तोवर मी बाकीच्या मुलांची नाकं तपासतो. येईल त्याचं, पहिलं नाक. आरसा धरतो, वाफ येते, दोन छोटे ढग, मग विरतात. एक मुलगा म्हणाला, "दादा, माझ्या नाकानं चित्र काढलं!" मुलं आता मला नाकवाला म्हणतात. नाव जागेवर आलं.

एक विचारायचं होतं. मी निघून गेलो त्या दिवशी त्या वर्गातल्या मुलाचं पुढे काय झालं? त्याच्यासाठी मी आरसा फोडला, आणि एवढ्या दिवसांत त्याची चौकशी एकदाही केली नाही. तू वहीत मान घालून बसली होतीस. की तो काचांमध्ये अनवाणी उभा होता आणि तू खाली बघत होतीस?

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.


६ एप्रिल

मास्तरीणबाई,

तुझी परीक्षा संपली असेल. तिथून निघण्याआधी हे पोचावं म्हणून लवकर टाकतोय.

ती जागा भरा असं मी मॅडमना सांगितलं. "विचारलंस तिला?" म्हणाल्या. म्हटलं, "विचारलं होतं. तिनं दुसरं काहीतरी सांगितलं, ते जास्त गरजेचं होतं." परवापासून नवीन मुलगी आली आहे. ती मला सर म्हणते. मी तिला सांगितलं, सर म्हणू नकोस, मी अजून कुणी नाही.

आणि सरकार परत आली.

आईनं आत सोडलं आणि या वेळी स्वतः कोपऱ्यात बसली, मांडीवर एक अर्धवट काजं केलेला शर्ट घेऊन. मॅडम समोर. मी हात मांडीखाली. कपाळावर भुवईच्या वर एक बारीक रेघ आहे, गुलाबी. मॅडमनी आरसा धरला. दोन ढग उठले, सारखे, जाडजूड. आईनं सुई थांबवून पाहिलं.

मग त्या दोघी कपट्यांच्या खेळाला लागल्या आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. खिडकी पाहिली, पंखा पाहिला. मग कळलं. तो आवाज गेला होता. ओठ मिटून ती सहज बसली होती, कुणी न सांगता, आणि तिचा श्वास कुणालाच ऐकू येत नव्हता. हेच तर हवं होतं सगळ्यांना. माझ्यासाठी मात्र ती खोली अशी रिकामी झाली की विचारू नकोस.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. बंदर लागलं होतं. आईनं मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी मान हलवली, फोन सरकारच्या कानाला लागला. बापाचा आवाज मोठा आहे, आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता.

"काय सरकार? बरं वाटतंय का?"

ती गप्प. नेहमीसारखी.

"हॅलो? सरकार?"

तिनं मान हलवली, हो म्हणून.

"हॅलो? अगं, फोन लागलाय ना? काहीच ऐकू येत नाही मला." मग थोडं थांबून, बायकोला असावं तसं, "गेली का ती? कुणी आहे का तिकडे?"

मास्तरीणबाई, तिचा चेहरा मी पाहिला. एवढे महिने ती न बोलता त्याच्याजवळ असायची. आता तिचा श्वास त्याला पोचत नव्हता, आणि तो तिकडे, पाण्यात कुठेतरी, ती नाही असं समजून फोन ठेवायला निघाला होता. माझे हात मांडीखालून निघाले होते. मॅडमनी नुसतं पाहिलं. पुन्हा ठेवले.

"बाबा," ती म्हणाली, "मी इथेच बथलेय!"

'थ'च होता. जीभ चांगली बाहेर येऊन 'थ'. मॅडमनी दुरुस्त केलं नाही. आई शर्टात तोंड घालून बसली. तिकडून तो जहाजावरचा स्वयंपाकी ओरडला, "कुठे बसलीयस?" आणि ती म्हणाली, "खुर्चीत! आई, मॅडम आणि दादा पण आहे. दादा हातावर बथलाय."

'स' अजून यायचाय. येईल. आता वाट मोकळी आहे आणि घाई कुणालाच नाही.

माझं सांगायचं तर मी परत कॉलेजला येतोय, नवीन वर्ष सुरू होईल तेव्हा, तिसऱ्याच वर्षाला. घड्याळसरांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर तुझ्याइतकंच छोटं आलं: "आरसा घेऊन ये." त्या वर्गात मी तुझ्या बाकावर बसणार नाही, भीती नको. तू तेव्हा तिथे नसशील हे मला माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच सांगतोय, म्हणजे माझ्या येण्याचा तुझ्याशी संबंध नाही हे तुला कळावं. मला कळायला जरा वेळ लागेल.

यानंतर पत्र टाकणार नाही. चावीवाल्यालाही सांगितलंय, आता ओरडू नका. तो म्हणाला, "मग मी दिवसभर करू काय?"

माझ्याकडून काहीच ऐकू आलं नाही तर बुडाला असं समजू नकोस. तोंड मिटलंय. श्वास चालू आहे.